मुदतीनंतरची मावशी

वायरमनने सवयीने टेबलावरचं पेन उचललं, तसं मॅडमनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"आता कसली सही करतोस? सुटलास ना तू?"

"हात गेला आपोआप," तो ओशाळून हसला आणि उभाच राहिला.

"मुदत संपली त्या दिवशी मी काय सांगितलं होतं?"

"पुन्हा या जिन्याची पायरी चढायची नाही."

"मग?"

वायरमन वर पंख्याकडे बघायला लागला. पंखा चालू होता, पण त्याचं वारं टेबलापर्यंत पोचत नव्हतं.

"कपॅसिटर गेलाय याचा," तो म्हणाला.

"पंखा बघायला आलायस?"

"नाही. माझं लग्न ठरतंय. म्हणजे ठरत होतं. तुमच्यामुळे अडलंय."

"माझ्यामुळे?"

"मावशीमुळे," तो म्हणाला.

ही मावशी कोण, हे त्या कचेरीत कुणाला समजावून सांगायला नको होतं. कोर्टाने तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसांवर नजर ठेवायची, त्यांना कामधंद्याला लावायचं, पाय घसरायला लागला तर वेळीच कान धरायचा, हे मॅडमचं काम. हुद्द्याला परिवीक्षा अधिकारी असं भारदस्त नाव होतं, पण सगळे म्हणायचे प्रोबेशनच्या मॅडम. अधूनमधून त्या माणसाच्या घरी जाऊन यायचं, हाही कामाचाच भाग. नोकरीच्या सुरुवातीला मॅडम गळ्यात ओळखपत्र अडकवून मोठ्या ऐटीत जायच्या. एकदा एका शिंप्याकडे अशाच गेल्या, आणि संध्याकाळच्या आत घरमालकाने त्याचं शिलाई मशीन रस्त्यावर आणून ठेवलं. त्याने काय केलं होतं हे तोवर गल्लीत काळ्या कुत्र्यालाही ठाऊक नव्हतं. मॅडमनी त्याची हाय खाल्ली. तेव्हापासून ओळखपत्र पर्समध्ये गेलं, आणि शेजारपाजारच्या कुणी विचारलंच तर त्या सांगायला लागल्या, "मी याची मावशी." नातं सोयीचं. आडनाव जुळत नाही म्हणून कुणी भुवया उंचावत नाही, आणि मावशी म्हटल्यावर ती वेळी-अवेळी टपकणारच. वरच्या साहेबांना हे माहीत होतं. नियमात बसत नव्हतं, पण चालत होतं. "मॅडम, तुमच्या आईला मुली तरी किती हो?" असं ते मधूनच विचारायचे आणि सगळी कचेरी हसायची. मॅडमही हसायच्या.

वायरमनच्या गल्लीत या मावशीचा भलताच वचक होता. बंद पडलेल्या कारखान्यातली तांब्याची केबल तिघा-चौघांनी मिळून कापली होती. बाकीचे पळाले, हा तेवढा हाती लागला. गुन्हा पहिलाच, हातात कसब, म्हणून प्रोबेशन मिळालं. मॅडम खोलीवर जायच्या तेव्हा कपाट उघडायच्या, खाटेखाली वाकायच्या, कामाच्या मालकाला त्याच्यासमोरच फोन लावायच्या. सगळं कामाचंच. पण पलीकडे राहणाऱ्या घरमालकिणीला त्यात माया दिसली.

"मुलीची आई परवा न सांगता गल्लीत चौकशी करून गेली," वायरमन सांगत होता. "आमच्या घरमालकिणीने काय सांगावं? म्हणे, मुलगा एकटा असला तरी मोकाट नाही. त्याची मावशी आली की खाटेखालीसुद्धा बघते. जिच्या अशी मावशी पाठीशी, तो मुलगा वाया जायचा नाही. झालं! आता त्या म्हणतात, आधी मावशींना घेऊन ये, मग पुढचं बोलू."

मॅडमना हसू फुटत होतं, ते त्यांनी आवरलं.

"मुलीला माहिती आहे सगळं?"

"सगळं. तुम्हीच म्हणाला होतात ना, लपवलेलं लग्नानंतर निघालं की दुप्पट होऊन निघतं."

"मग काय म्हणाली ती?"

"दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, तांबंच चोरलंस ना, कुणाचा गळा नाही ना कापलास. पण आईला कळता कामा नये म्हणते. आई जुन्या काळची नर्स. एखादा माणूस त्यांच्या मनातून उतरला की उतरला."

"मग मी काय करू?"

"रविवारी दुपारी या. एकदाच. मी दुसऱ्या कुणाला नेणार, मॅडम?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तुझी मुदत संपली. आता मी तुझी कुणी नाही. तशी आधीही नव्हते. तुझ्या डोक्यावरचं छप्पर राहावं म्हणून शेजाऱ्यांना एक थाप मारली, ती आता मुलीच्या आईलाही मारायची? जमायचं नाही."

वायरमनने हुज्जत घातली नाही. पत्ता तोंडीच सांगितला, जिना कुठल्या बाजूने आहे तेही सांगितलं, आणि गेला. जाताना पंख्याकडे पुन्हा एकदा बघितलं.

मॅडमचा एक नियम होता, आणि तो त्या प्रत्येकाला मुदतीच्या शेवटच्या दिवशी सांगायच्या. मी रस्त्यात दिसले तर ओळख दाखवायची नाही. तुझ्याबरोबर बायको असेल, साहेब असेल, कोण ही बाई म्हणून विचारतील, मग एकाला दोन थापा मारत बसशील. तेव्हा सरळ बघून पुढे जायचं. मीही जाईन. आणि लोक तो नियम पाळायचे. चोख पाळायचे. काम फत्ते झाल्याची खूणच ती, की ज्याच्यासाठी दोन-तीन वर्षं जिवाचं रान केलं तो समोरून येतो आणि अनोळखी माणसासारखा बाजूने निघून जातो. गेल्या हिवाळ्यात बाजारात तोच शिंपी दिसला होता. बरोबर दोन मुली, मोठीच्या खांद्यावर दप्तर. त्याने मॅडमकडे बघितलं आणि चटकन मान वळवून कांद्यांचा भाव विचारायला लागला. मॅडम घरी आल्या, शिंप्याचं बस्तान बसलं म्हणून त्यांना खरंच आनंद झाला, आणि ताट वाढून घेतलं तर घास घशाखाली उतरेना.

घरी त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. एक भाऊ होता, तो दूर देशी. फोनवर हवापाण्याचं बोलायचा. निवृत्ती तोंडावर आली होती. निवृत्त झाल्यावर काय करणार असं कुणी विचारलं की मॅडम म्हणायच्या, "झोपा काढणार." पण रविवारी दुपारी घराला जी कळा यायची, ती आता रोजच येणार, हे त्यांना कळत होतं आणि त्याची त्यांना भीती वाटत होती.

त्या रविवारी जायचं नाही, जायचं नाही असं स्वतःला बजावत त्यांनी कपाटातून ठेवणीतले कपडे काढले. नुसतं ऊन द्यायला म्हणून. मग इस्त्री केली. मग घातले. कोपऱ्यावरून फळं घेतली. बसमध्ये बसल्यावर त्यांनी मनाशी तडजोड केली, की नातं तेवढं खोटं सांगायचं, बाकी शब्द न् शब्द खरा. आणि एकदा मन मोकाट सुटलं की ते थोडंच थांबतं? लग्नात मुलाकडच्या बाजूला पुढच्या रांगेत एक तरी माणूस बसलेलं हवंच. नंतर सणासुदीला नाही, पण एखाद्या रविवारी, सहज म्हणून जायला हरकत नाही. पुढेमागे घरात तान्हं आलं, तर या दोघांच्या नोकऱ्या, बघायला कुणीतरी लागेलच. 'वेडी आहेस का?' त्यांनी स्वतःला दटावलं, आणि पुढचे दोन थांबे त्या बाळाला टोपी कुठल्या रंगाची घ्यायची याचा विचार केला.

वायरमन जिन्यापाशीच उभा होता. त्याला वाटलं नव्हतं त्या येतील. "चल वर," मॅडम म्हणाल्या, "आणि मॅडम म्हणालास तर याद राख."

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, आरशासारखं लख्ख. दार मुलीने उघडलं. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करायची म्हणून वायरमन तिला चष्मेवाली म्हणायचा. तिला स्वतःला चष्मा नव्हता. मॅडमकडे तिने असं काही बघितलं, की ही पोर आपल्याला कोण म्हणून ओळखते ते त्यांना लगेच कळलं. आतून तिची आई आली. ताठ कणा, पांढरे केस घट्ट बांधलेले, नखं मुळापर्यंत कापलेली.

"या, बसा. तुमच्याबद्दल फार ऐकलंय," नर्सबाई म्हणाल्या.

"लोक काय, राईचा पर्वत करतात."

"खाटेखालीसुद्धा बघता म्हणे."

"बघते. एकटा पुरुष झाडतो कमी आणि ढकलतो जास्त."

नर्सबाई खदखदून हसल्या. "मी पेशंटच्या उशीखाली बघायची. निम्म्या गोळ्या तिथेच सापडायच्या."

दोघींचं सूत असं काही जमलं की वायरमन आणि चष्मेवाली नुसतेच एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. गुडघेदुखीवरून विषय निघाला, तो घरमालकांवर आला, तिथून आजकालच्या डॉक्टरांवर. चहा झाला. मॅडमना फार दिवसांनी, इतक्या दिवसांनी की त्यांना आठवेना, कुणाच्या तरी घरी बसल्यासारखं वाटलं. पायातलं अवघडलेपण गेलं. त्यांनी दुसरा कप घेतला.

"आता मला याचं सगळं सांगा," नर्सबाई म्हणाल्या. "अथपासून इतिपर्यंत. हा स्वतः तोंड उघडत नाही. लहानपणाचं विचारलं की म्हणतो, झालं कसंतरी."

आणि इथे मॅडमचं चुकलं. दुसरी कुणी खोटी मावशी असती तर तिने दोन गोड आठवणी रचून सांगितल्या असत्या आणि विषय बदलला असता. पण वायरमनचं लहानपण मॅडमना सख्ख्या मावशीपेक्षा जास्त माहीत होतं. कोर्टात अहवाल द्यायचा म्हणून शाळेपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे त्या पायपीट करून आल्या होत्या. सांगायची त्यांना एकच रीत ठाऊक होती. न्यायाधीशापुढे उभं राहून सांगायची, समोरच्याला पाझर फुटेल अशी.

त्यांनी सांगितलं. आई आजारी पडली तेव्हा हा शाळेतून पळून यायचा आणि तिच्या उशाशी बसायचा. ती गेली. बापाने दारू जवळ केली, मग एक दिवस बापही कुठेसा निघून गेला. मोटार वाइंडिंगच्या दुकानामागे पोत्यांवर हा झोपायचा. दुकानदार शिव्या द्यायचा, पण काम शिकवायचा. नर्सबाईंचे डोळे भरून आलेले मॅडमना दिसले, आणि त्यांना जोर चढला. न्यायाधीशाचे डोळे कधी भरत नसत.

"एकदा तापाने फणफणला. दुकानदाराने सरकारी दवाखान्यात नेऊन टाकला. न्यूमोनिया. पंधरवडा होता तिथे. एवढंसं पोर. शेजारच्या खाटांवरच्या मुलांकडे रोज माणसं यायची. याच्याकडे पंधरा दिवसांत कुणी फिरकलं नाही."

"कुणीच नाही?"

"एक माणूस नाही," मॅडम म्हणाल्या, कोर्टात म्हणाल्या होत्या तशाच.

नर्सबाईंनी पदराने डोळे टिपले नाहीत, हाताच्या पालथ्या बाजूने पुसले. मग कप बशीत ठेवला.

"आणि तुम्ही कुठे होतात?"

मॅडमना आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला.

त्याला खरी मावशी होती. अहवालाच्या वेळी मॅडम तिच्याकडेही गेल्या होत्या. दाराची साखळी न काढता ती फटीतून बोलली होती. मॅडमना त्या दिवशी तिचा असा राग आला होता की जिना उतरताना त्या मोठ्याने काहीबाही बोलल्या होत्या. आता दुसरं काही सुचेना, तेव्हा तिचंच वाक्य त्यांच्या तोंडून निघालं.

"माझ्याच घरचं निस्तरता निस्तरता नाकी नऊ येत होते तेव्हा."

"किती मुलं तुम्हाला?"

नातं तेवढं खोटं, बाकी शब्द न् शब्द खरा. मॅडमनी हातातल्या कपाकडे बघितलं.

"मला मूल नाही."

"म्हणजे घरात मूल नव्हतं," नर्सबाई सावकाश म्हणाल्या, "आणि दारात एक उभं होतं."

वायरमन खुर्चीतून अर्धा उठला. "तसं नाहीये. त्यांचा काही दोष नाही, त्या खरं म्हणजे..."

"तू गप्प बस," मॅडम म्हणाल्या. "मोठी माणसं बोलताहेत." आवाज असा होता की तो बसला. त्या आवाजाने दोन वर्षं त्याला सरळ ठेवलं होतं. चष्मेवालीने त्याचा हात धरून ठेवला.

"मुलांच्या वॉर्डात जन्म गेला माझा," नर्सबाई सांगत होत्या. आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "असली पोरं मी रोज बघायची. भेटीच्या वेळेला दाराकडे तोंड करून निजायची. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली की भिंतीकडे तोंड करायची. एक दिवस पोर बरं व्हायचं, कमवायला लागायचं, आणि मग तुमच्यासारख्या मावश्या फळं घेऊन यायच्या. खाटेखाली बघायला."

टेबलावर फळांची पिशवी होती. कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

एका वाक्याचं काम होतं. पर्स मांडीवरच होती, ओळखपत्र आतल्या कप्प्यात. ते काढून दाखवलं असतं तर त्या सुटल्या असत्या, आणि वायरमन अडकला असता. मॅडमनी पर्सची चेन घट्ट धरली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

नर्सबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता, पण त्यापेक्षा जास्त म्हणजे त्यांना वाईट वाटत होतं. जिच्याशी एवढा वेळ हसून बोललो ती बाई अशी निघाली याचं वाटावं तसं.

"मुलगा मला पसंत आहे," त्या म्हणाल्या. मग वायरमनकडे वळून, "तू आजपासून या घरचा. आजारी पडलास तर इथे यायचं, दुसरीकडे कुठे नाही. कळलं?" वायरमनने मान हलवली. "पण मावशी, तुम्हाला तोंडावर सांगते. लग्नाला येऊ नका. माझ्याच्याने तुमची सरबराई व्हायची नाही, आणि चारचौघांत माझ्या तोंडून काही निघालं तर पोरांचा दिवस नासेल."

"बरोबर आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या आणि उठल्या.

जिन्यात दुसऱ्या मजल्यापाशी मागून चपलांचा आवाज आला. चष्मेवाली होती. धावत आल्याने धापा टाकत होती.

"मी आईला सांगते. आज नाही, पण लग्न झालं की सांगते. तिला कळलं पाहिजे तुम्ही कोण."

"खबरदार."

"पण हे असं कसं? तुम्ही त्याच्यासाठी एवढं..."

"हे बघ," मॅडम म्हणाल्या. कठड्याला धरून त्या उभ्या होत्या. "त्या पोराचं जे झालं, त्याचा राग तुझ्या आईला कुणावर तरी काढायचाच होता. माझ्यावर निघाला, बरं झालं. उद्या केबलचं कळलं तर त्याच्यावर निघेल. मी काय, आले नि गेले. त्याला तुमच्या घरात राहायचंय."

चष्मेवाली रडायला लागली. मॅडमना वाटलं हिला जवळ घ्यावं. हात पुढे झालाही. मग त्यांनी तो तिच्या दंडावर नुसता टेकवला.

"त्याला सांग, वर येताना तोंड धुऊन येत जा म्हणावं. कानामागे ग्रीस होतं." आणि दोन पायऱ्या उतरून पुन्हा वळल्या. "आणि रस्त्यात कधी दिसले तर ओळख दाखवू नका. दोघांनीही."

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. रविवारी बस कमीच. थांब्यावरच्या बाकावर एक बाई मांडीवर झोपलेलं मूल घेऊन बसली होती. मॅडम दुसऱ्या टोकाला बसल्या. रडायचं तर घरी जाऊन, असं त्यांनी ठरवलं, आणि तरी दोन थेंब ओघळलेच.

बाईने बघितलं. तिला राहवेना.

"बरं नाही का वाटत?"

"नाही हो, तसं नाही," मॅडम म्हणाल्या. डोळे पुसले. बाई अजून बघतच होती, काहीतरी सांगणं भाग होतं. "भाच्याचं लग्न ठरलं आज. आत्ता तिथूनच येतेय."

"अगंबाई! मग रडता कशाला? चांगली आहे का मुलगी?"

"सोन्यासारखी. आणि आई तर त्याहून चांगली. पोराला आजच घरचा म्हणाली."

"मग आता तुमची धावपळ सुरू होणार म्हणायची. कपडे, बोलावणी, एक का काम असतं!"

"हो ना," मॅडम म्हणाल्या. बसच्या दिशेला त्यांनी मान लांब करून बघितलं. रस्ता रिकामाच होता. "सगळं मलाच बघायला लागणार. आईविना वाढलेलं पोर ते. माझ्याशिवाय कोण आहे त्याला?"